खोटी जोडी लिहिताना

प्रेमात असल्याचं नाटक करणारी दोन सोळा-सतरा वर्षांची पोरं, आणि ते नाटक हळूहळू खरं होत जाणं. या गोष्टीवर मुली इतका जीव का टाकतात, ते कळावं म्हणून मी ती मराठीत लिहायला घेतली. कादंबरी पूर्ण झाली आहे, प्रुफं टेबलावर आहेत. लिहिताना काय काय करावं लागलं, कुठे अडलं, कुणाकडून काय मिळालं, ते ताजं आहे तोवर मांडून ठेवते. या वयासाठी मराठीत लिहू पाहणाऱ्या कुणाला त्यातलं काही कामी आलं तर मला मनापासून आनंद होईल.

आमचं घर लातूरला, उद्योग भवनाच्या जवळ. या भागाला सगळे ट्युशन एरियाच म्हणतात. गल्लीगल्लीत क्लासेस, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि मुलामुलींची वसतिगृहं. नांदेड, बीड, परभणी, धाराशिव, पार विदर्भातूनही पोरं इथे नीट-जेईईच्या तयारीला येतात. आमच्या वरच्या मजल्यावर अशाच मुली राहतात, मला काकू म्हणतात. सकाळी सहाला जिना वाजतो तो रात्री अकराला थांबतो. बहुतेकींकडे बटणांचा साधा फोन. घरच्यांनीच तो दिलेला असतो, स्मार्टफोन गावी आईच्या कपाटात. त्यामुळे करमणूक म्हणजे गप्पा आणि हातोहात फिरणारी एखादी कादंबरी.

असंच एक पुस्तक वर फिरत होतं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आतून जेनी हानचं ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’. मूळ 2014 सालचं. त्यावरचा 2018 चा सिनेमा काहींनी सुट्टीत घरी पाहिला होता, पण पुस्तक त्या चार चार पानं करत, अडलेला शब्द एकमेकींना विचारत वाचत होत्या. फिजिक्सच्या गणितांनी डोकं उठलेलं असताना रात्री साडेदहाला बसून परक्या भाषेतलं पुस्तक असं वाचायचं, म्हणजे त्यात काहीतरी जबरदस्त असणार. एकीनं मला विचारलं, “काकू, असलं मराठीत आहे का हो?”

मी कपाट उघडलं. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ काढून दिली, ती सगळ्यांनी वाचली, आवडलीही. पण ती मुकुंद जोशीची गोष्ट आहे, नववीतल्या मुलाची, आणीबाणीच्या काळातली. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून, तेवढीच. वरची एक जण पुस्तक परत देताना म्हणाली, “शिरोडकरला काय वाटत होतं ते कोण लिहिणार?” फार रास्त प्रश्न होता तो. ‘शाळा’ 2004 ला आली. त्यानंतर मराठीत पंधरा ते अठरा वयाच्या मुलीच्या आतलं, तिच्या भाषेत, तिला वाचायला मजा येईल असं किती लिहिलं गेलं? बालसाहित्य संपतं आणि एकदम मोठ्यांचं साहित्य सुरू होतं. मधल्या वयाला आपण गाइड आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं देतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिवाळी अंकांसाठी मी वर्षानुवर्षं कथा लिहीत आले होते, सगळ्या मोठ्या माणसांच्या. आता हे लिहायचं असं ठरवलं.

सुरुवातीला मी ती इंग्रजी कादंबरी वही घेऊन वाचली. तिचा सांगाडा फार पक्का आहे. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलची लारा जीन, आई कोरियन वंशाची, ती वारलेली. वडील डॉक्टर. थोरली बहीण शिकायला स्कॉटलंडला जाते. लारा जीननं आवडलेल्या प्रत्येक मुलाला एक पत्र लिहिलेलं असतं, पाठवायला म्हणून नव्हे, मनातून काढून टाकायला. ती पत्रं एक दिवस पोस्टात पडतात. एक पत्र जातं ते थोरल्या बहिणीच्या जोशला, तिचं नि त्याचं नुकतंच तुटलेलं असतं. बहिणीला दुखवायचं नाही, म्हणून जोशला दाखवायला ती पत्र मिळालेल्याच दुसऱ्या एका मुलाशी, पीटरशी, जुळल्याचं नाटक करते. पीटरला त्याच्या जुन्या मैत्रिणीला जळवायचं असतं. दोघांना गरज आहे, दोघांची गरज वेगळी आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या गरजेत काही रस नाही. एवढी तीन वाक्यं वहीत लिहिली, तेव्हा मला या प्रकारच्या कथेचं यंत्र दिसलं. गरज खरी हवी. ती लुटुपुटूची असली की वाचक दहाव्या पानावर पुस्तक मिटतो.

आपल्याकडेही खोट्या जोडीची गोष्ट काही परकी नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा, तरी वरच्या मुलींना संवाद पाठ आहेत. पुण्यात खोली हवी, खोली जोडप्यालाच मिळणार, म्हणून दोन मित्र बायका होतात. तिथेही गरज एकदम खरी, डोक्यावर छप्पर नसण्याची. पण ते मोठ्या माणसांचं सोंग आहे आणि घरमालकिणीपुढे चालतं. मला पाहिजे होतं ते पोरांचं, पोरांपुढचं.

आणि इथेच मी बरेच दिवस अडून बसले. शार्लट्सव्हिलच्या शाळेत कुणाची तरी मैत्रीण असणं ही मिरवायची गोष्ट आहे. हातात हात घालून कॉरिडॉरमधून चाललं की झालं, नाटकाचा हेतू साधला. लातुरात? इथे अकरावीतली मुलगी कुणाबरोबर दिसली, तर संध्याकाळपर्यंत बातमी गावाला पोचते, आणि दुसऱ्या दिवशी वडील गाडी घेऊन हजर. “बास झालं शिक्षण, चल घरी.” जिथे खरं असलेलं लपवावं लागतं, तिथे नसलेलं कुणी कशाला दाखवेल? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत एक ओळ लिहायची नाही असं मी ठरवलं. कारण ते उत्तर म्हणजेच कादंबरी होती.

उत्तर मिळालं ते वरच्या मुलींच्या बोलण्यात. एका रविवारी टेस्टहून आल्या आणि हसून हसून बेजार. क्लासमध्ये सरांनी मार्क वाचून दाखवले होते. 720 पैकी. एका मुलीला आणि एका मुलाला अगदी सारखे मार्क. सरांनी दोघांची नावं लागोपाठ घेतली आणि अख्ख्या बॅचनं “ओऽऽऽ” केलं. झालं. त्या दिवसापासून ती नावं जोडली गेली. तो उठला की मागच्या बाकावरून तिचं नाव, तिनं शंका विचारली की त्याचं. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? “काय म्हणणार काकू? नाही म्हटलं की जास्त चिडवतात.”

मी त्या रात्री झोपले नाही. शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे चिडवणं ठाऊक आहे. हजेरीतले लागोपाठचे नंबर, सारख्या रंगाचा शर्ट, काहीही कारण पुरतं. आपल्याकडे जोडी आधी लोकांच्या तोंडात जमते. म्हणजे माझ्या दोघांना नाटक उभंच करायचं नव्हतं, ते वर्गानं उभं केलेलं होतंच. त्यांनी फक्त नाही म्हणायचं थांबवायचं. आणि बॅचपुढे जे चालू द्यायचं, तेच वसतिगृहाच्या काकूंपासून, सरांपासून, घरापासून लपवायचं. निम्म्या लोकांना दाखवायचं आणि निम्म्यांपासून दडवायचं, असं ते दुपदरी नाटक झालं. हे व्हर्जिनियात घडलं नसतं, इथलंच होतं.

आता दोघांच्या गरजा. मुलगी गार्गी, अहमदपूरकडच्या एका गावची. तिच्यामागे एक मुलगा लागलेला असतो. क्लास सुटला की गाडी घेऊन वसतिगृहापर्यंत मागे मागे. ती कुणाला सांगत नाही, कारण घरी कळलं की तिचंच शिक्षण बंद होईल. ही भीती मी वरच्या मुलींच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की ती रचावी लागली नाही. बॅचमध्ये तिचं नाव ओंकारशी जोडलेलं आहे, असं त्या मुलाच्या कानावर गेलं तर तो नाद सोडेल, असा तिचा हिशोब.

इथे मला थांबून नीट विचार करावा लागला. पाठलाग करणाऱ्यापासून वाचायचं तर दुसरा मुलगा हवा, असं एखाद्या पंधरा वर्षांच्या वाचक मुलीच्या मनात माझ्या पुस्तकामुळे ठसलं तर? ते मला कोणत्याही परिस्थितीत चाललं नसतं. पाठलाग हा गुन्हा आहे. 2013 मध्ये तो दंड संहितेत स्वतंत्र कलम म्हणून आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमात आहे. पण कादंबरीत कलम घालून चालत नाही, घटनेतून यावं लागतं. म्हणून माझ्या गोष्टीत गार्गीचा हिशोब चुकतो. नाव जोडल्यानं तो मुलगा हटत नाही, उलट चेकाळतो. तो थांबतो तो गार्गी खोलीतल्या तिघींना सांगते तेव्हा. त्या तिघी वसतिगृहाच्या काकूंना सांगतात, काकू 112 ला फोन लावतात आणि गाडीचा नंबर देतात. वडील येतात, पण तिला न्यायला येत नाहीत. तो प्रसंग लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाप दाराशी चप्पल काढतो, आत येऊन पाणी पितो, आणि विचारतो, “किती दिवस चाललंतं हे? मला का नाही सांगितलीस?” आणि गार्गीला खरं उत्तर द्यावं लागतं, की तुम्हीच घरी न्याल म्हणून. वरच्या मुलींना मी हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण उठून जिन्यात जाऊन बसली. ते प्रकरण तसंच राहिलं, एक शब्द हलवला नाही.

ओंकारची गरज शोधायला मी घराबाहेर पडले. इथली मुलं क्लास बुडवून जातात तरी कुठे, याचा माग काढत मी एका फ्लेक्सच्या दुकानात पोचले. मालकांनी बसू दिलं. सहज म्हणून गेले आणि मग वरचेवर जात राहिले. मशीनचं हेड डावीकडून उजवीकडे सरकत असतं, शाईचा उग्र वास नाकात बसतो, रोलमधून ओला फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर येतो. सुकल्यावर कडा दुमडून चिकटवायच्या, मग फूट-दोन फुटांवर रिंगा ठोकायच्या, त्यातून दोरी जाते. संगणकावर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलेलं. वाढदिवसाचे बॅनर रात्रीतून हवे असतात, त्यामुळे काम संध्याकाळनंतरच तापतं. आणि निकालाच्या दिवसांत काय असतं, तर गुणवंतांचे बोर्ड. लातुरात कुठल्याही चौकात मान वर करा, क्लासचे बोर्ड दिसतीलच. पासपोर्ट फोटोंच्या रांगा, खाली नाव, त्याखाली ठळक पिवळ्या आकड्यात मार्क.

तिथे एक पोरगा बसलेला पाहिला. वय सतरा-अठरा. आलेल्या फोटोंची मागची बाजू काढून टाकायची, चेहरे एका मापात आणायचे, ओळीत बसवायचे, असं त्याचं काम चाललं होतं. एका मुलीच्या फोटोत कानामागे केस सुटले होते. मागचा पडदा काढताना ते कापले जाऊ नयेत म्हणून तो एकेक केस मोठा करून, माउस अगदी हळू फिरवून बाजूनं जात होता. चौकात तीस फुटांवर टांगायच्या बोर्डात तो केस कुणालाही दिसणार नव्हता. मी त्याला काही विचारलं नाही, त्याच्याविषयी मला आजही काही माहीत नाही. पण माझा ओंकार मला तिथे मिळाला. फिजिक्स डोक्यात शिरत नाही हे ज्याला केव्हाच कळलंय, वडिलांनी जमीन गहाण ठेवून फी भरली म्हणून जो ते सांगू शकत नाही, संध्याकाळची टेस्ट सिरीज चुकवून जो फ्लेक्सच्या दुकानात दुसऱ्यांचे चेहरे नि मार्क ओळीत लावतो, असा मुलगा. रूमवरचे मित्र रोज विचारतात, संध्याकाळी जातोस कुठं? गार्गीचं नाव त्याला उत्तर म्हणून पुरतं. मित्र डोळा मारतात आणि पुढे विचारत नाहीत.

एवढं जमल्यावर लिखाण धावू लागलं. या प्रकारच्या कादंबरीत नियमांचं एक पान असतं. हानच्या दोघांचाही कागदावर केलेला करार आहे. वाचकाला ते पान फार आवडतं, कारण यातला प्रत्येक नियम मोडणार हे त्याला ठाऊक असतं आणि कधी, कसा, याची तो वाट बघत राहतो. माझ्या दोघांचे नियम टेस्ट पेपरच्या कोऱ्या पाठीवर लिहिले गेले. क्लासच्या आवारात तीन फूट अंतर. एकमेकांच्या रूमखाली यायचं नाही. रोज एक चिठ्ठी, सगळ्यांना दिसेल अशी द्यायची. घरचं काही विचारायचं नाही. नीटच्या दिवशी सगळं संपलं. चिठ्ठीचा नियम मी मुद्दाम ओढून आणलेला नाही, साध्या फोनवर दुसरं करणार काय? सुरुवातीला चिठ्ठीत काही नसतंच, गार्गी नुसती रासायनिक समीकरणं लिहून देते, लांबून बघणाऱ्याला काय कळतंय. मग ओंकार एका समीकरणातली चूक दुरुस्त करून परत देतो. पुढे तो चिठ्ठीच्या कोपऱ्यात सरांचं चित्र काढतो. मग एकदा चिठ्ठी येत नाही, आणि गार्गीचं रात्री अभ्यासात लक्ष लागत नाही. सबंध एक प्रकरण या चिठ्ठ्यांवर आहे आणि त्यात प्रेम हा शब्द कुठेही नाही. मला ते प्रकरण सगळ्यात जवळचं आहे.

पहिला नियम मोडला जातो तो घराविषयीचा. मला आधी वाटत होतं की तीन फुटांचा मोडेल. पण लिहिता लिहिता कळलं की या पोरांना स्पर्शापेक्षा घरचं सांगणं अवघड जातं. जमीन गहाण आहे, हे वाक्य ओंकार कुणापुढे तरी पहिल्यांदा बोलतो. खोट्या मैत्रिणीपुढे बोलता येतं, कारण तिच्यापुढे पत राखायची नसते. हा प्रकार लोकांना इतका का भिडतो, ते मला त्या दिवशी समजलं असं वाटतं. खऱ्या प्रेमात पडलेला पोरगा चांगलं दिसण्याच्या धडपडीत असतो. नाटक करणाऱ्या दोघांना एकमेकांसमोर चांगलं दिसायची गरज नसते, चांगलं दिसायचं ते लोकांपुढे. त्यामुळे एकमेकांपुढे ते आहेत तसे असतात. ओळख होते ती अशी.

स्पर्शाचंही सांगायला हवं. दोघं सतरा वर्षांची आहेत. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाचणाऱ्या मुलीही त्याच वयाच्या. मी हात धरण्यापलीकडे गेले नाही, आणि त्यानं कादंबरीचं काही अडलं नाही. एका भर उन्हाच्या दुपारी ओंकारच्या बोटांना लागलेली किरमिजी शाई गार्गीच्या वहीच्या पानावर उमटते. ते पान ती फाडत नाही. तेवढं पुरलं.

अशा कादंबरीत एक जागा अशी येते की जिच्यासाठी बाकीचं सगळं लिहिलेलं असतं. नाटकाला प्रेक्षक लागतात. ज्या दिवशी प्रेक्षक नसतात आणि तरी नाटक चालू राहतं, तो दिवस. माझ्याकडे तो दिवाळीच्या सुट्टीत बस स्टँडवर येतो. बॅचमधलं तिथे कुणी नाही. अहमदपूरची गाडी लागायची आहे, गर्दी तुफान. कादंबरीतला तेवढाच तुकडा इथे देते.

“तू काय करलालास हितं? तुझी गाडी तर औशाकडं.”

“बॅग धरलालो.”

“ते दिसलालंय. पण कशाला? हितं कोण हाय बघायला?”

ओंकारनं आजूबाजूला पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. त्यानं बॅग खाली ठेवली, आणि गाडी फलाटाला लागल्यावर परत उचलली.

ही बोली मी आधी जरा जपून वापरत होते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना अडेल की काय अशी शंका होती. वरच्या मुलींना संवाद मोठ्यानं वाचायला दिले, तेव्हा त्यांनी पुस्तकी वाक्यं जागच्या जागी बदलून टाकली. एक परभणीची, एक निलंग्याची, एक किनवटची, तिघींचं बोलणं वेगळं. मग प्रत्येक पात्राला त्याच्या त्याच्या तालुक्याची भाषा दिली. निवेदन मात्र प्रमाण मराठीत, कारण गार्गी वहीत तशीच लिहिते. तिला निबंधात बक्षीस मिळालेलं आहे, आणि जशी बोलते तसं लिहू नये असं तिला शाळेनं शिकवलंय. शेवटच्या भागात तिच्या निवेदनातही बोली शिरू लागते. ते मी ठरवून केलं.

भांडाफोड होतो तो फ्लेक्सच्या दुकानातच. रूममधला मित्र भावाच्या वाढदिवसाचा बॅनर सांगायला येतो आणि समोर संगणकावर ओंकार. तो भाग झटपट लिहून झाला, त्याविषयी फार सांगण्यासारखं नाही.

प्रकाशकांकडे मात्र वेळ गेला. एका ठिकाणी हस्तलिखित आवडलं, पण शेवट बदला म्हणाले. दोघांना पश्चात्ताप व्हावा, अभ्यासाला लागावं, दोघांचा एमबीबीएसला नंबर लागावा. शाळांची वाचनालयं असलं पुस्तक घेत नाहीत, असं कारण. वाचनालयांचा प्रश्न खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण नीटला बसणाऱ्या पोरांपैकी मोठ्या संख्येला सरकारी जागा मिळत नाही, हे त्या पोरांना माहीत आहे, त्यांच्या आईबापांनाही माहीत आहे. त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात तरी ते खोटं कशाला सांगायचं? मी नाही म्हटलं. पुढे दुसऱ्या प्रकाशकांनी घेतलं, त्यांच्या संपादक बाईंनी दोन उपकथानकं काढायला लावली. कादंबरी नीट बांधली गेली, याचं श्रेय त्यांना.

माझा शेवट असा आहे. गार्गीला मेडिकल मिळत नाही, बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळतो आणि ती तो मनापासून घेते. ओंकार वडिलांना दुकानात घेऊन जातो, आपण केलेला बोर्ड दाखवतो. वडील बराच वेळ फोटो बघतात आणि विचारतात, यात तू कुठला? तो म्हणतो, मी यात नाही, हे मी केलंय. पुढे तो अप्लाइड आर्टच्या सीईटीचा फॉर्म भरतो. त्या दोघांचं काय, हा प्रश्न सगळ्या मुलींनी विचारला. नीटच्या दिवशी सगळं संपणार होतं ना? पेपर सुटल्यावर केंद्राबाहेर पालकांची झुंबड असते. गार्गीचे वडील तिथे आहेत, ओंकारचेही. आता बॅचला दाखवायचं कारण उरलं नाही आणि घरच्यांपासून लपवायचं कारण पुरतं आहे. अशा वेळी ओंकार सगळ्यांदेखत चालत येतो आणि गार्गीच्या वडिलांना म्हणतो, “काका, मी ओंकार. आम्ही एका बॅचला होतो.” वडील विचारतात, पेपर कसा गेला? तो खरं सांगतो. चौघं मिळून उसाचा रस पितात.

एवढंच. लग्न नाही, वचन नाही, मिठी नाही. वरच्या मुलींत यावरून दोन तट पडले. काहींना वाटतं मी हात आखडला. निलंग्याची म्हणाली, “वडिलांसमोर येऊन नाव सांगितलंय काकू, अजून काय पाहिजे?” माझंही मत तेच आहे.

आता प्रुफं तपासून परत पाठवायची आहेत. मुखपृष्ठावर मुलामुलीचे चेहरे नकोत, पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर न घालता क्लासच्या पिशवीत ठेवता आलं पाहिजे, असं मी सांगितलं आणि ते मान्य झालं. बांधणी साधी, किंमत दोनशेच्या आत, हेही ठरलं. मेसचा डबा आणि झेरॉक्स जाऊन या मुलींच्या हातात जे उरतं, त्यात ते बसायला हवं. प्रकाशन मेमधल्या परीक्षेनंतरच्या आठवड्यात करायचं आहे, त्याआधी नको. वरच्या मुलींना मी अजून शेवटची दोन प्रकरणं छापील दाखवलेली नाहीत. रोज विचारतात. परीक्षा होऊ दे म्हणते.